मे महिन्याचं बिल बघून सोलर ठरवू नका

नमस्कार मॅडम,

आम्ही विजापूर रोडला राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही आणि सासूबाई, वर दीर-जाऊ. दोघांची मीटरं वेगळी आहेत. सासरे जाऊन चार वर्षं झाली, पण खालचं मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, मशीनला मोटर बसवली आहे. मुलगी अकरावी सायन्सला.

या मे महिन्यात बिल साडेपाच हजारांच्या वर आलं. दोन कूलर, चार पंखे, जुना फ्रिज एवढंच आहे, एसी नाही. सासूबाई म्हणतात, सगळं बिल तुझ्या मशीनचं आहे. त्यातच एक सोलरवाला घरी आला. म्हणाला, पाच किलोवॅट बसवा, दोन लाख नव्वद हजार, त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार सरकार देतं. बिल कायमचं शून्य, लाइट गेली तरी घर चालू, आणि सोलापूरच्या उन्हात दुप्पट वीज तयार होते. पन्नास हजार रोख लगेच मागतो आहे. आमच्याकडे मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी दीड लाखाची एफडी आहे. मिस्टर म्हणतात ती मोडू. जाऊबाई म्हणतात गच्ची अडवलीत तर वाळवण कुठे घालायचं. गेल्या बारा महिन्यांची युनिट सोबत लिहून पाठवते. काय करावं?

– एक वाचक, सोलापूर

ताई,

सगळ्यात आधी, ते पन्नास हजार देऊ नका. रोख तर नाहीच नाही. सोलर बसवायला माझी ना नाही. उलट तुमच्या घराला ते फायद्याचं ठरेल असंच तुमचे आकडे सांगतात. पण पाच किलोवॅट नको, एफडी मोडून नको, आणि दिरांशी कागद करण्याआधी नको.

तुम्ही बारा महिन्यांची युनिट लिहून पाठवलीत, त्यामुळे अंदाजावर बोलायची वेळ आली नाही. वाचकांसाठी ती इथे देते. जून २९०, जुलै २१०, ऑगस्ट २००, सप्टेंबर २१०, ऑक्टोबर २४०, नोव्हेंबर १७०, डिसेंबर १५०, जानेवारी १५०, फेब्रुवारी १८०, मार्च २८०, एप्रिल ३९०, मे ४३०. वर्षाची बेरीज २,९०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी दोनशे चाळीसच्या आसपास. घराचा खरा खर्च हा एवढा आहे. मे महिना त्याचं टोक आहे, आणि सोलर विकणारा माणूस नेमका त्याच महिन्याचं बिल हातात धरून बोलतो.

आता जानेवारी आणि मे शेजारी ठेवून बघा. जानेवारीत १५० युनिट आणि बिल दीड हजाराच्या आसपास. मे महिन्यात ४३० युनिट आणि बिल साडेपाच हजारांच्या वर. युनिट तिपटीलाही पोचली नाहीत, बिल मात्र जवळजवळ चौपट झालं. याचं कारण टप्पे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, ३०१ ते ५०० चा आणखी वेगळा, आणि ५०० च्या पुढे त्याहून चढा. वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा) मिळून पहिल्या टप्प्यात युनिट साधारण सहा रुपयांना पडतं, दुसऱ्यात अकराच्या घरात, तिसऱ्यात चौदा-पंधराच्या. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, कधी इंधन समायोजन आकार, आणि युनिट वापरा-न वापरा, स्थिर आकार. दर दरवर्षी थोडे हलतात, म्हणून नेमके आकडे तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला बघून घ्या. पण रचना हीच आहे. तुमच्या घरात पैसा जातो तो शंभराच्या पुढच्या युनिटांवर. म्हणून कुठलाही उपाय करताना विचारायचा प्रश्न एकच: यामुळे माझी वरच्या टप्प्यातली किती युनिटं कमी होतील?

(होटगीजवळ १,३२० मेगावॅटचा एवढा मोठा औष्णिक प्रकल्प उभा असताना सोलापूरकरांना वीज महाग का, असं पुष्कळ जण विचारतात. तिथली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यात जाते आणि महावितरणचा दर राज्यभर एकच असतो. प्रकल्प दाराशी असला तरी बिलावर त्याचा परिणाम नाही.)

आता तुमच्या मशीनबद्दल, कारण तुमच्या पत्रातली ती ओळ मला जास्त लागली. शिवणयंत्राची मोटर साधारण शंभर वॅटची असते. तुम्ही रोज सहा तास सलग पाय दाबून बसलात असं धरलं, आणि तसं कुणी बसत नाही, तरी रोजचं अर्ध्या-पाऊण युनिटाच्या आत काम होतं. महिन्याला फार तर अठरा युनिट. याउलट एक कूलर दीडशे-दोनशे वॅट ओढतो आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो दिवसाचे चौदा-चौदा तास चालतो. दोन कूलर मिळून महिन्याला दीडशे युनिट सहज होतात. सासूबाईंना हे समजावून सांगताना आवाज चढवू नका, कारण त्या चौऱ्याहत्तरीच्या असोत की ऐंशीच्या, कूलर त्यांच्यासाठीही लागतोच आणि तो लागायलाच हवा. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत म्हाताऱ्या माणसाचा कूलर बंद करून वाचवलेले पैसे नकोत. फक्त एकदा त्यांना मीटरसमोर उभं करा. आधी नुसती मशीन चालवा, मग दोन्ही कूलर लावा, आणि मीटरवरचा लाल दिवा किती भराभर लुकलुकतो ते दाखवा. शिवणाच्या पैशातून तुम्ही घर चालवायला हातभार लावता. त्या कामावर बिलाचा ठपका बसू देऊ नका.

सोलरच्या आधी एक छोटा खर्च करा: पंखे. जुना छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅटचा असतो, आताचा बीएलडीसी पंखा त्याच वाऱ्याला तीस वॅटच्या आसपास घेतो. तुमचे चार पंखे रोज बारा तास चालतात असं धरलं तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाचतात, आणि ती सगळी वरच्या टप्प्यातली. शुल्कासकट बघितलं तर उन्हाळ्यात महिन्याला आठशे ते हजार रुपये. चार पंख्यांना अकरा-बारा हजार लागतील. एकदम नको असतील तर आधी हॉलचा आणि सासूबाईंच्या खोलीतला बदला, बाकीचे दिवाळीनंतर. फ्रिजच्या दाराचं रबर बघा. दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलेलं आहे आणि कॉम्प्रेसर विनाकारण चालतो आहे. कूलर लावलेल्या खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा तिथेच फिरत राहते आणि माणसं कूलर आणखी वाढवतात. एवढं करून वर्षाला पाचेकशे युनिट कमी झाली तर नवल नाही. सोलर तुम्ही केलं नाहीत तरी हे करा.

आता सोलर. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, महिन्याला एकशेवीस. दोन किलोवॅट म्हणजे महिन्याला दोनशे चाळीस, वर्षाला २,८८०. तुमचा वर्षाचा वापर २,९००. पाच किलोवॅट म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर युनिट, तुमच्या गरजेच्या अडीचपट. ती जास्तीची वीज कुठे जाणार हे त्या माणसाने तुम्हाला सांगितलं का?

नेट मीटरिंगमध्ये दिवसा तयार झालेली जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि रात्री तुम्ही ग्रिडकडून घेता. महिन्याच्या शेवटी घेतलेल्यातून दिलेली वजा होते आणि उरलेल्या युनिटांचंच बिल येतं, तेही टप्प्यांप्रमाणे. एखाद्या महिन्यात तुम्ही जास्त दिली तर ती युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. इथपर्यंत सगळेच सांगतात. जे सांगत नाहीत ते असं की ही शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच चालते. ३१ मार्चला हिशेब मिटतो, आणि उरलेल्या युनिटांचे पैसे राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. हा दर तुम्ही विजेला मोजता त्याच्या जवळपासही नसतो. सोलापुरात याचा अर्थ काय होतो बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमचा वापर कमी, ऊन स्वच्छ, युनिट साठत जातात. आणि ज्या एप्रिल-मे महिन्यांसाठी ती हवी होती, त्यांच्या तोंडावर खातं कोरं होतं. हिवाळ्याची वीज उन्हाळ्यात वापरू, या भरवशावर मोठा संच घेणारा माणूस इथे फसतो.

तुमच्या आकड्यांवर दोन किलोवॅट लावून बघितलं. दर महिन्याला दोनशे चाळीस युनिट तयार झाली असं धरू. प्रत्यक्षात पावसाळ्यात कमी आणि मार्चमध्ये जास्त होतील, पण अंदाजाला पुरे. एप्रिलमध्ये दीडशे युनिटांचं बिल येईल, मे महिन्यात एकशे नव्वदचं, जूनमध्ये पन्नासचं. त्यानंतर मार्चपर्यंत फक्त स्थिर आकार. मार्चअखेर साडेतीनशेच्या वर युनिट शिल्लक राहून कमी दराने जातील, त्याला इलाज नाही. आज वर्षाला तुम्ही तेहतीस हजारांच्या आसपास बिल भरता, ते पाच-सहा हजारांवर येईल. पंखे बदलले तर त्याहून खाली, कारण मग एप्रिल शंभराच्या आत येतो. एवढ्या घराला याहून मोठा संच कशाला? येत्या दोन-तीन वर्षांत एसी घ्यायचा नक्की विचार असेल तर तीन किलोवॅट घ्या, तेही समजू शकते. पाच कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पैशांचं. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये सबसिडी आहे. तीनच्या पुढे कितीही मोठा संच घेतला तरी रक्कम ७८,००० वरच थांबते. म्हणजे पाच किलोवॅटमधले शेवटचे दोन तुम्ही संपूर्ण स्वतःच्या खिशातून घेत होतात. दोन किलोवॅटचा भाव सबसिडीआधी एक लाख वीस ते एक लाख चाळीस हजारांच्या दरम्यान येईल, त्यातले साठ हजार परत. तुमच्या अंगावर उरतात साठ ते ऐंशी हजार. वर्षाला सत्तावीस हजारांच्या आसपास वाचत असतील तर तीन वर्षांत ते भरून निघतात. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची असते, दरवर्षी क्षमता अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते. पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा सोलर इन्व्हर्टर मात्र तेवढा टिकत नाही, दहा-बारा वर्षांनी तो बदलायचा खर्च मनात धरून ठेवा.

खरं सांगायचं तर त्या माणसाने सांगितलेला भाव काही लूट नाही, पाच किलोवॅटला तेवढे लागू शकतात. चूक आहे ती मापात, आणि रोख मागण्यात.

एफडीबद्दल माझं मत ठाम आहे. ती मोडू नका. हिशेबाने बघितलं तर एफडीवर सहा-सात टक्के मिळतात आणि सोलर त्याच्या कितीतरी पट वाचवतं, त्यामुळे मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. पण मुलगी दोन वर्षांत प्रवेशाला उभी राहील. तेव्हा फी, वसतिगृह, पुण्याला जावं लागलं तर तिथला खर्च, हे सगळं एका महिन्यात मागितलं जातं, आणि गच्चीवरचं पॅनल त्या दिवशी विकून पैसे होत नाहीत. या योजनेत सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारण न ठेवता दोन लाखांपर्यंत कर्ज देतात. व्याज वैयक्तिक कर्जापेक्षा पुष्कळ कमी, एफडीच्या व्याजाच्या आसपासच. थोडे पैसे स्वतःचे भरावे लागतात. साठ हजारांची सबसिडी खात्यावर आली की ती कर्जात भरून टाका, घरखर्चात विरघळू देऊ नका. उरलेल्या सत्तर हजारांना तीन वर्षांचा हप्ता महिन्याला बावीसशेच्या आत बसतो. म्हणजे आज जे बिलात जातं साधारण तेच हप्त्यात जाईल. जानेवारीत बिल दीड हजारच असतं, तेव्हा हप्ता जड वाटेल. मुदत पाच वर्षांची घेतली तर हप्ता हलका होतो. मिस्टरांचा पगार किती ताणला गेला आहे ते तुम्हालाच ठाऊक, त्यावर ठरवा.

त्या सोलरवाल्याच्या तीन वाक्यांचं काय ते सांगते. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. लाइट गेली की साधं नेट मीटरचं सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. तसं मुद्दाम केलेलं असतं, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून वीज गेली तर त्याचा जीव जाईल. लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याने खर्च बराच वाढतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तुमच्याकडे साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी असेल तर तेवढ्यावर दोन पंखे, दोन दिवे भागवा.

आणि ऊन. सोलापूरला ऊन भरपूर आहे, त्याचा फायदा आहेच. पण पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात दुपारी काचेला हात लावला तर चटका बसतो, आतला भाग पासष्ट-सत्तर अंशांवर गेलेला असतो. पंचविसाच्या पुढच्या प्रत्येक अंशाला क्षमता तीन-साडेतीन दशांश टक्क्याने घटते, म्हणजे ऐन दुपारी बारा-पंधरा टक्के वीज कमी. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ, जरा थंड दिवसांत हेच पॅनल जास्त देतं. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. तोंड दक्षिणेला, कल सतरा-अठरा अंशांच्या आसपास.

इथून पुढचं काम बँकेपेक्षा अवघड आहे आणि ते आधी करायचं आहे. गच्ची एकट्या तुमची नाही. सासरे गेले, घराची वाटणी झालेली नाही, म्हणजे सासूबाई, मिस्टर, दीर, नणंद असतील तर त्याही, सगळ्यांचा हक्क आहे. आधी खालचं मीटर मिस्टरांच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, बाकीच्यांचं संमतीपत्र आणि थकबाकी शून्य, एवढ्यावर महावितरणकडे नाव बदलून मिळतं. सूर्यघरचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने होतो आणि सबसिडी त्याच्याच बँक खात्यात येते. सासऱ्यांच्या नावाने अर्ज करून पुढे बघू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मीटर सासूबाईंच्या नावावर करावं असं वाटेल, ते मानाचं आहे, पण त्यांच्या वयाला बँक कर्ज द्यायला कां-कूं करेल.

मग गच्चीचा कागद. एक पान पुरे. कुठल्या कोपऱ्यात किती जागा, पॅनल कुणाच्या मालकीचं, पुढे वाटणी झाली किंवा वर मजला चढवायचा झाला तर ते काढून दुसरीकडे बसवायचा खर्च कुणी करायचा, आणि दिरांनी कधी सोलर घ्यायचं ठरवलं तर त्यांची जागा कुठली. हे शेवटचं तुम्ही स्वतःहून लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या, नोटरी करून घ्या. भावाभावात कागद कशाला, असं मिस्टर म्हणतील. आज दोघांचं चांगलं आहे म्हणूनच आज कागद होईल.

जाऊबाईंचं म्हणणं मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, वर्षाची मिरची, शेंगदाणे हे सगळं गच्चीवरच होतं, आणि ती त्यांची हक्काची जागा आहे. दोन किलोवॅटला चार पॅनल लागतात. एक पॅनल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट. मधली फट धरून सव्वाशे चौरस फुटांत काम होतं. पाच किलोवॅट घेतलं असतं तर तीनशे चौरस फुटांच्या वर जागा गेली असती, तेव्हा त्यांची तक्रार रास्त ठरली असती. टेपने मोजून खडूने गच्चीवर चौकोन आखा आणि जाऊबाईंना वर बोलावून दाखवा. पाण्याच्या टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली जिथे सकाळी नऊ ते चार पडते तो भाग सोडायचा. एका पॅनलवर सावली पडली तर त्या अख्ख्या रांगेची वीज घसरते. वाळवणाला मात्र तेवढं कडक ऊन लागत नाही अशी सोय असते का, तर नाही, त्यालाही तेच हवं. म्हणून चौकोन आखताना त्यांची बाजू आधी ठरवा, तुमची मग. आणि एक गोष्ट त्यांना सांगा जी कुणी सांगितली नसेल. पॅनल ज्या स्लॅबवर सावली धरतं, त्याखालची खोली उन्हाळ्यात कमी तापते. ती खोली त्यांची आहे. झोपायच्या खोलीवर पॅनल येतील अशी जागा निघत असेल तर तीच निवडा.

(जुन्या पेठांतल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरांत राहणाऱ्यांसाठी एवढंच: माळवदावर पॅनलचा सांगाडा भोकं पाडून ठोकू नका. माती ओली होते, गळती लागते, आणि वाऱ्याचा ताण ते छत पेलत नाही. तिथे आधी इंजिनिअरला दाखवा.)

कंपनी निवडताना योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेलीच घ्या. तीन ठिकाणचे भाव लेखी मागा, आणि प्रत्येकात पॅनलची कंपनी, वॅट, इन्व्हर्टरची कंपनी आणि हमीची वर्षं, सांगाड्याचं लोखंड गॅल्व्हनाइज्ड आहे का, किती जाडीचं, आणि पाच वर्षांची देखभाल, हे आलंच पाहिजे. पॅनल भारतात बनवलेल्या सेलचं हवं, नाहीतर सबसिडी मिळत नाही. मे महिन्याच्या अवकाळीत इथे पत्रे उडतात, तेव्हा सांगाडा स्लॅबमध्ये नीट रुतवलेला आहे ना, हे मिस्टरांनी स्वतः उभं राहून बघावं. अर्थिंगचे तीन खड्डे होतात: एक पॅनलच्या बाजूचा, एक घरच्या बाजूचा, एक आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. दोनातच भागवतो असं म्हणणाऱ्याला परत पाठवा. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ पासून तांत्रिक तपासणीची अट नाही, आणि मंजूर भार (मीटरला मंजूर असलेले किलोवॅट) वाढवायचा असेल तर तो महावितरणच वाढवतं. तेव्हा ‘परवानगी काढून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने, चेकने किंवा बँकेतून. शेवटचा मोठा हप्ता नेट मीटर बसून चालू झाल्यावरच.

पॅनल धुणं तुमच्याच वाट्याला येणार, म्हणून तेही सांगते. ऑक्टोबर ते मे धूळ बसतच राहते, पंधरा दिवसांनी एकदा पुसायला हवं. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते वाळलं की काचेवर पांढरा क्षार बसतो आणि तो मग घासूनही जात नाही. नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे माहीत आहे, पण चार पॅनलला दोन बादल्या पुरतात. मऊ फडकं, साबण नाही. सकाळी ऊन वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.

पहिलं बिल आल्यावर घाबरू नका. त्यावर तुम्ही ग्रिडला दिलेली युनिट दिसतील शंभर-सव्वाशे, आणि वाटेल की सोलरने निम्मीच वीज केली. तसं नसतं. दिवसा मशीन, पंखे, कूलर यांनी जी वीज थेट वापरली ती या मीटरमधून जातच नाही. एकूण किती तयार झाली ते इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा मोबाइलच्या ॲपवर बघायचं. दर महिन्याच्या एक तारखेला तो आकडा मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा. वर्षाच्या आत कुठल्या स्वच्छ उन्हाच्या महिन्यात तो दोनशेच्या खाली गेला, तर आधी धूळ आणि सावली तपासा. तरी कमीच राहिला तर वही घेऊन कंपनीकडे लेखी तक्रार करा. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घेतलेली असेल तर येणं त्यांना भाग आहे.